मदत हवी आहे: विरेचनासाठी (आयुर्वेदातलं जुलाबाचं पंचकर्म) सुट्टी नेमकी कधी टाकू?
वय ४१, पित्ताचा त्रास जुनाच, ऑक्टोबर हीट आली की डोकं नुसतं ठणकतं. अविपत्तिकर चूर्ण, मोरावळा, चहा बंद सगळं करून झालं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आता वैद्यांनी शरदात विरेचन सांगितलंय, म्हणजे आधी ३ ते ७ दिवस तूप प्यायचं, मग मसाज-वाफ, मग जुलाब आणि नंतर पेया-विलेपी (तांदळाची आधी पातळ, मग घट्ट पेज). बीपीची गोळी चालू आहे, वैद्य आणि फॅमिली डॉक्टर दोघांना माहितीये, शुगर नाही. अ‍ॅडमिट व्हायचं नाहीये. अडचण अशी की डोंबिवली-सीएसएमटी रोजचं, वाटीभर तूप पिऊन त्या फास्ट लोकलमध्ये उभं राहायचं या विचारानेच मळमळतं, आणि सुट्ट्या ५च उरल्यात. नोकरी सांभाळून कोणी केलंय का, सुट्टी तुपाच्या शेवटच्या दिवसांत टाकली की जुलाबानंतर, आणि पेया डब्यात नेऊन भागतं का?