'साहेबांची लेक' हे किती वर्षं चालवणार?

सातरस्ता_४१३
सोलापुरात प्रणिती शिंदेंचा विषय काढा, तिसऱ्या वाक्याला 'साहेबांची लेक म्हणून' येतंच. साहेब म्हणजे सुशीलकुमार शिंदे. 2009 चं पहिलं तिकीट घरामुळे मिळालं, यात वादच नाही. पण त्यापुढचं काय?

मे 2014 मध्ये साहेब केंद्रीय गृहमंत्री असताना सोलापुरातून दीड लाखाच्या आसपास मतांनी पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात लेकीने सोलापूर शहर मध्य ही विधानसभेची जागा राखली. 2019 ला पुन्हा तेच झालं: उन्हाळ्यात वडील पडले, दिवाळीच्या तोंडावर मुलगी निवडून आली. आडनावावर मतं पडत असती तर आधी साहेबांना पडली असती की! आणि 2004 च्या लोकसभेला साहेबांच्या पत्नी उज्ज्वलाताई सुभाष देशमुखांकडून हरल्या, तेव्हा तर साहेब मुख्यमंत्री होते.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. सोलापूर लोकसभा राखीव आहे, पण शहर मध्य खुली जागा आहे. खुल्या जागेवरून अनुसूचित जातीची बाई सलग तीनदा आमदार होते, याचं कौतुक आपल्याच गावाला नाही.

माढेकर
कौतुक करा, पण बेरीज-वजाबाकी लपवू नका. 2014 ला युती तुटलेली. एमआयएमचे तौफिक शेख दुसरे, सेना वेगळी, भाजप वेगळा. फरक दहा हजारांच्या आत. 2019 ला सेनेने तिकीट दिलीप मानेंना दिलं, महेश कोठे अपक्ष उभे राहिले, एमआयएमकडून फारूक शाब्दी, वर माकपचे आडम मास्तर होतेच. एवढ्या गर्दीत साडेबारा-तेरा हजारांनी निघालेला निकाल म्हणजे कौल नव्हे, फाटाफूट.

सातरस्ता_४१३
2014 ला आघाडीही तुटली होती, राष्ट्रवादीचा उमेदवार त्यांच्याविरुद्ध होता. ते सोयीने विसरलात. फाटाफूट दोन्हीकडे होती.

बेधडक_बे
काय सांगायलाव राव तुमी. 15 वर्षं आमदारकी, नळाला पाणी किती दिवसाआड येतंय ते बोला आधी. उजनी भरून वाहते अन् आमी हंडे भरून ठेवतोय. पोरं इंजिनियर झाली की रात्रीची पुण्याची गाडी. गिरण्या गेल्या, यंत्रमाग भंगारात चाललेत, त्या जागी काय आलं? मोर्चात पुढं, पोलिसांशी वादात पुढं, फोटोत पुढं. त्याच्यानं पाणी येतंय का बे?

वकीलवाडा
पाणीपुरवठा महापालिकेचा. तिथे 2017 ते 2022 भाजपची सत्ता होती, मार्च 2022 नंतर काही वर्षं प्रशासक होता. विरोधी बाकावरच्या आमदाराने पाइपलाइन टाकायची का? हां, 2019 ते 2022 मात्र त्यांचंच सरकार होतं, तेव्हाचा हिशोब विचारायला हरकत नाही. त्या सरकारात तिसऱ्यांदा निवडून आलेल्या या बाईंना मंत्रिपद दिलं नाही. सोलापूरला पालकमंत्री आले वळसे पाटील, मग आव्हाड, मग भरणे. तिघेही बाहेरचे. घराण्याची एवढी पुण्याई असेल तर ती मुंबईत का चालली नाही?

पूर्वभागवाली
मी विडी कामगाराची मुलगी, म्हणून थोडं लांबड लावते.

आमच्या भागात आडम मास्तर म्हणजे घरचा माणूस. कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरं त्यांच्याच लढ्यातून झाली, 2006 ला मनमोहन सिंगांच्या हस्ते चाव्या मिळाल्या. मग रे नगर: तीस हजार घरांची योजना, पहिल्या पंधरा हजारांसाठी जानेवारी 2024 ला पंतप्रधान आले. एवढं काम असून 2009 ला त्याच मास्तरांना ताईंनी हरवलं आणि नंतर मास्तर मागेच पडत गेले. हे कसं झालं याचा विचार इथे कोणी केलेला नाही.

एक तर कुंभारी शहर मध्यच्या हद्दीबाहेर. आमच्या गल्लीतली पाच-सहा घरं तिकडे राहायला गेली आणि मतंही घेऊन गेली. दुसरं, आई. आईचं मांडीवरचं सूप कधी खाली उतरत नाही. पान कापायचं, भरायचं, दोरा गुंडाळायचा, हजार विड्या पुऱ्या करून कारखान्यात न्यायच्या. तिथे छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, निघाली की तेवढी मजुरी गेली. ताई गल्लीत आल्या त्या दिवशी खुर्ची दिली तरी बायकांबरोबर खालीच बसल्या आणि छाट किती काढतात हे विचारलं. आई चाळीस वर्षं लाल बावटेवाली. त्या खेपेला तिने हाताला मत दिलं आणि मास्तरांची माफी मागितल्यासारखं आठवडाभर बोलत होती.

छाट मात्र अजून निघतेच. मजुरीही फार हलली नाही. म्हणून मी ताईंची भक्तही नाही.

माढेकर
हे पटलं. पण खाली बसणं ही मोठ्या घरातून आलेल्याचीच बातमी होते. 2024 च्या लोकसभेत समोर राम सातपुते होते, ऊसतोड कामगाराचा मुलगा. तो जमिनीवर बसला तर कोण फोटो काढणार? त्यांना 'बाहेरचे' ठरवून मोकळे झालात.

सातरस्ता_४१३
सातपुते माळशिरसचे आमदार होते, म्हणजे माढा लोकसभेतले. बाहेरचे नाही तर काय? आणि कष्टातून वर येण्याचंच बोलायचं तर सुशीलकुमार शिंदे कोर्टात पट्टेवाले होते.

माढेकर
सुशीलकुमार होते. प्रणितीताई नव्हत्या. वडिलांचे कष्ट लेकीच्या खात्यावर कशाला जमा करता? तुमचा धागाच उलटा झाला की!

वकीलवाडा
😄 हा मुद्दा माढेकरांचा.

पण लोकसभा 74 हजारांनी जिंकली ती काही शिंदेंच्या जनवात्सल्य बंगल्यावरून नाही. आघाडी दिली मोहोळ आणि पंढरपूर-मंगळवेढ्याने. कांद्याचा राग होता, मराठा आरक्षणाचा राग होता, वंचितच्या उमेदवाराने माघार घेतली, एमआयएम उभीच नव्हती. शहर मध्यने नावापुरती आघाडी दिली. स्वतःच्या मतदारसंघाने 15 वर्षांनी एवढंच द्यावं, हे मला जास्त बोलकं वाटतं.

करमाळ्याची_मी
घराणं असलं की जिंकतंच, हा समज आमच्याकडे येऊन तपासा. रश्मी बागल: वडील मंत्री, आई 2009 ला आमदार. 2014 ला 257 मतांनी गेल्या, 2019 ला शिवसेनेकडून लढून पुन्हा हरल्या. घराणं दारापर्यंत सोडतं.

माढेकर
दारापर्यंतच कोण सोडतं, हाच तर प्रश्न आहे. 2024 ला महाराष्ट्रातून 7 महिला खासदार झाल्या. सुप्रिया सुळे, प्रणिती शिंदे, वर्षा गायकवाड या लेकी. रक्षा खडसे सून. प्रतिभा धानोरकर दिवंगत खासदारांच्या पत्नी. सातातल्या पाच!

पूर्वभागवाली
मग पक्षाला विचारा. अलका राठोड, सुशीला आबुटे याच शहराच्या काँग्रेसच्या महापौर. ताई दिल्लीला गेल्यावर शहर मध्य मोकळं झालं, तेव्हा या नावांची चर्चा तरी झाली का? तिकीट चेतन नरोटेंना. काँग्रेस तिसऱ्या नंबरवर गेली, भाजपचे देवेंद्र कोठे आरामात आले.

सातरस्ता_४१३
जागा ताईंची होती, पक्षाची नव्हती, हेच यातून दिसतं. माझाच मुद्दा सिद्ध झाला.

पूर्वभागवाली
दादा, 15 वर्षांत एक बाई तयार केली नाही, हे कौतुकात धरायलाय का तुम्ही? 2023 च्या घटनादुरुस्तीने विधानसभेत एक तृतीयांश जागा बायकांना मिळायच्या आहेत, जनगणना आणि पुनर्रचना झाली की. तेव्हा काँग्रेस शहर मध्यमध्ये कोणाला उभी करणार? एक नाव सांगा. बंगल्यातलं सोडून.

बेधडक_बे
नाव सुचेपर्यंत आमच्याकडं पाणी येईल बघा.