अनुभव धागा: जोर, आर्चर, टाळीचे पुशअप्स... छाती कशानं तयार झाली?

लातूरचा माळ: साधे पन्नास पुशअप्स सलग निघतात, छाती मात्र जिथल्या तिथं. म्हणून तीन महिने झाले आर्चर करायलोय. हात लांब टाकायचे, एका हाताकडं झुकत खाली जायचं, दुसरा सरळ ठेवायचा. उजवीकडं आठ निघतात, डावीकडं पाचव्यालाच कंबर खाली पडते. व्हिडिओच्या लिंका नकोत, स्वतःचं सांगा.

जुनी तालीम (निलंगा): आमच्याकडं पुशअप्सला जोर म्हणायचे. 1969 चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार आमच्याच तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. त्यांचं नाव घेत वडिलांनी मला तालमीत घातलं. वस्ताद छातीखाली मूठ धरायचे. मुठीला छाती टेकली नाही तर तो जोर मोजणीतच नाही! शंभर मारून हाती साठच लागायचे. पोरा, तुझा डाव्याचा आकडा खरा. उजवीकडंबी पाचच मार.

गोळाफेक्या (परभणी): पोलीस भरतीला छाती 79 सेंटीमीटर, फुगवून 5 जास्त लागते. वाटलं, पुशअप्सनं फुगेल. पण फुगवणं हा श्वासाचा आणि बरगड्यांचा खेळ निघाला. फायदा झाला तो 7.26 किलोचा गोळा फेकायला, टाळीच्या पुशअप्सचा (जोरात वर उसळून हवेत टाळी मारायची). हौसेनं डांबरी रस्त्यावर टाळ्या मारल्या, मनगट मुरगळलं, दोन आठवडे भाकरीसुद्धा डाव्या हातानं. आता मैदानातल्या मातीवरच, पाच-पाचचे चार सेट, आठवड्यातून दोनदा. दमलं की टाळी बंद.

बाजेवरची (बीड): मी ओट्याला हात टेकून सुरुवात केली, मग पायरी, मग जमीन. आता पाय बाजेवर. जमिनीवर हातांवर अंगाच्या वजनाचा साधारण 64 टक्के भार येतो, पाय दोन फूट वर घेतले की 74 च्या आसपास. माझं वजन 58, म्हणजे 37 किलोचे 43 झाले. छातीच्या वरच्या भागाला दुसऱ्या दिवशी कळतं. सासूबाई ज्वारी निवडत मोजतात. सातानंतर परत सहा येतात, हे मी अजून त्यांना बोलले नाही.

संभाजीनगरकर: कोपरं काटकोनात बाहेर फेकू नका. माझा खांदा त्यातच गेला. आता 45 अंशात, खाली जायला तीन सेकंद.

लातूरचा माळ: आज उजवीकडं पाचच मारले. लई अपमान वाटला.

जुनी तालीम: छातीखाली मूठ होती का?