रात्री साडेनऊला जेवण, सकाळपर्यंत उपास: संध्याकाळची भूक आणि साडेदहाची खाखा कशी आवरायची?

नवीपेठ_दुकानदार

वय ४१, वजन ८४ किलो, उंची १६८ सेंमी, पोटाचा घेर १०१ सेंमी. सोलापुरात नवी पेठेत कापडाचं दुकान आहे, दिवसभर बैठं काम. शुगर-बीपीची कुठलीच गोळी चालू नाही. रात्रीचा बारा तासांचा उपास धरून वजन उतरवायचं आहे, पण दुकान नऊला बंद होतं आणि ताटावर बसायला साडेनऊ वाजतात.

रोजचं खाणं असं: सकाळी ७ ला दोन चमचे साखरेचा चहा आणि चार बिस्किटं. १० ला पोहे. २ ला डबा, त्यात दोन चपात्या आणि कोरडी भाजी. ४ ला पुन्हा चहा. सहा-साडेसहाला अशी भूक लागते की पावचटणी किंवा भजी आणल्याशिवाय राहवत नाही. रात्री तीन ज्वारीच्या भाकरी, भाजी, आमटी, थोडा भात, शेंगाचटणी आणि तिच्यावर तेल. आणि पोट भरलेलं असूनही साडेदहाला टीव्हीसमोर चिवडा नाहीतर शेंगदाणे लागतातच.

जेवण लवकर घेणं शक्य नसेल तर या उपासाचा काही उपयोग होतो का? सहाची भूक आणि रात्रीची खाखा कशी थांबवायची? सकाळचा चहा चालतो का? अजून एक, घरात संकष्टी असते, त्या दिवशी चंद्रोदयानंतरच जेवण. त्याचं काय करावं कळंना.

---

मालदांडी

उपयोग होतो, पण आधी आत्ताचा हिशेब बघा. सकाळी ७ चा चहा ते रात्री ११ चा चिवडा म्हणजे सोळा तास तोंड चालू आणि आठ तास बंद. तुमचा उपास म्हणजे सध्या फक्त झोप. त्यामुळे साडेनऊचं जेवण तिथंच ठेवून पुढचा चिवडा आणि सकाळची चहा-बिस्किटं एवढंच काढलं, तरी पावणेदहा ते पावणेदहा असे बारा तास सरळ मिळतात. दहाचे पोहे जागच्या जागी राहतात.

आता सहाची भूक. ती सहाला सुरू होत नाही, दुपारच्या डब्यात सुरू होते. पोह्यांतून चार-पाच ग्रॅम प्रथिनं, दोन चपात्यांतून सहा-सात, भाजीतून दोन-तीन, दोन चहांच्या दुधातून तीनेक. संध्याकाळपर्यंत सगळं मिळून १७ ग्रॅमच्या आसपास. तुमच्या उंचीला योग्य वजन ६५ किलोच्या आत येतं, त्या हिशेबाने दिवसाला किमान ६५ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे दिवस मावळायला आला तरी जेमतेम पाव वाटाच पोटात गेलेला असतो. त्यात शरीराच्या घड्याळाची भर. खाणं, झोप, उजेड सगळं काटेकोर बांधून केलेल्या प्रयोगांत दिसलंय की भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते. दिवसभर कमी खाल्लेला माणूस त्याच वेळी भज्यांच्या गाडीसमोर येतो. याला मन कमकुवत असणं म्हणू नका.

डबा असा बदला: चपात्या दोनच ठेवा, सोबत मटकीची उसळ. ४० ग्रॅम कोरडी मटकी भिजवून मोड आणले की एक भरलेली वाटी होते, तिच्यात आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं असतात. तिच्याजोडीला दीडशे ग्रॅम दही आणि एक काकडी. पोह्यांत मूठभर मोड आलेले मूग परतून घाला, नाहीतर आठवड्यातून तीन दिवस पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं करा.

मग सव्वापाचला, भूक लागायच्या आधी, ४० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू. अंडी चालत असतील तर दोन उकडलेली. वर मोठा ग्लासभर पाणी किंवा साय काढलेल्या दह्याचं ताक. ही वेळ महत्त्वाची आहे. साडेसहाला खायचं ठरवलं की तोवर भूक डोक्यात गेलेली असते आणि हाताला जवळचं तळलेलं लागतं. फुटाणे सकाळीच वजन करून छोट्या डबीत भरून आणा. गल्ल्याशेजारी पिशवी उघडी ठेवली तर गिऱ्हाईक बघता बघता शंभर ग्रॅम कधी संपले ते कळत नाही.

पावचटणी कायमची बंद करू नका, तसं केलं की पंधरा दिवसांनी सगळंच सुटतं. आठवड्यातला एक वार ठरवा, सातच्या आत, एक प्लेट, जादा पाव नाही. त्या दिवशी रात्री भाकरी नको, आमटी आणि कोशिंबीर पुरे.

रात्रीच्या ताटाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सोलापूरकडच्या जेवणात खरी मेख इथं आहे. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर साधारण २०० कॅलरी, तीन भाकरींच्या ६००. ज्वारी चांगलीच आहे, प्रश्न संख्येचा आहे. शेंगाचटणीच्या दोन मोठ्या चमच्यांत, म्हणजे २० ग्रॅममध्ये, ११० कॅलरी, आणि वर ओतलेल्या मोठ्या चमचाभर तेलात आणखी १२०. म्हणजे चटणी-तेल मिळून एका भाकरीपेक्षा जास्त झालं, आणि ते आपण जेवणात धरतच नाही. चटणी एक चमचा घ्या, तेलाऐवजी घट्ट दह्यात कालवा. तिखटपणा टिकतो, भाकरीही कोरडी लागत नाही. भाकरी दीड, भात बंद, आमटी दोन वाट्या, आणि आमटी घट्ट डाळीची हवी, नुसत्या कटाची नको.

कडक भाकरीचं वेगळं सांगावं लागेल. ती पातळ आणि हलकी लागते म्हणून चार-पाच सहज मोडल्या जातात. पण वाळवताना पाणी गेलंय, पीठ तेवढंच आहे. घरी आणलेल्या पाकिटाचं वजन करून भाकरींच्या संख्येने भागा, एका भाकरीचं वजन मिळेल. तेवढं वजन म्हणजे जवळजवळ तेवढंच पीठ समजून मोजा.

---

रात्र_पाळी

साडेदहाच्या खाखेबद्दल. भूक आहे की नुसती खाखा, हे ओळखायला सोपी चाचणी: त्या क्षणी कोणी शिळी भाकरी आणि दही पुढे ठेवलं तर खाल का? खाणार असाल तर भूक खरी आहे, म्हणजे दिवसाचं खाणं कमी पडलंय. वर मालदांडी यांनी दिलेला डबा नीट करा. भाकरी नको पण चिवडा हवा असं असेल, तर ती टीव्हीच्या जागेची आणि वेळेची सवय आहे. तिला पोटाकडून नाही, जागेकडून तोडावं लागतं.

जेवण झालं की लगेच दात घासा. ब्रश झोपताना करायचा नसतो, ताट उचललं की करायचा. पेस्टच्या चवीवर चिवडा बेचव लागतो आणि तोंड बंद झाल्याची खूण मिळते. मग दहा-पंधरा मिनिटं चाला, गच्चीवर किंवा गल्लीत, शतपावलीच्या वेगाने. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखरही कमी चढते. टीव्ही बघायचाच तर नेहमीच्या खुर्चीत बसू नका, आणि हाताला काम द्या: दुसऱ्या दिवशीची भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. खाखा आली की पंधरा-वीस मिनिटं काढायची असतात, बहुतेक वेळा ती आपसूक ओसरते. बडीशेप अर्धा चमचा, साखरेचं आवरण नसलेली, चालेल.

चिवडा घरात किलोने भरू नका. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम चिवड्यात दीडशेच्या आसपास कॅलरी, तेवढ्याच शेंगदाण्यांत १७०. आणि टीव्हीसमोर मूठ एकच राहत नाही. मुलांसाठी लागतोच तर अपारदर्शक डब्यात, वरच्या फळीवर.

एक गोष्ट कळकळीची. भूक मारायला मावा, तंबाखू, मिसरी किंवा जादा सिगारेट, हे अजिबात नको. आपल्याकडे उपासाच्या दिवशी हे सर्रास चालतं आणि त्यातून जे नुकसान होतं ते चार किलो उतरल्याने भरून येत नाही.

झोपही धरा. रात्री बारा-साडेबारापर्यंत जागलं की जेवणाला तीन तास होतात आणि खरीच भूक लागते. अकरा-सव्वाअकराला दिवा बंद. चारच्या चहानंतर चहा-कॉफी नको, त्यातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

---

गोळ्या_आधी_विचारा

विचारणाऱ्यांना गोळी नाही, पण हे वाचून घरातले वडीलधारे उपास धरतील म्हणून लिहिते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांनी डोस ठरवून दिल्याशिवाय जेवणाच्या वेळा सरकवू नका. औषध काम करत राहतं, पोटात अन्न नसतं, आणि पहाटे साखर घसरते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. साखर ७० च्या खाली आली तर उपास तिथंच मोडायचा: १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांत लघवी वाढते, पाणी कमी पडतं, आणि लांबलेल्या उपासात रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढण्याचा धोका असतो. बीपीसाठी लघवीची गोळी असेल तरी आधी विचारा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयातली मुलं, पूर्वी खाण्याचा आजार झालेली माणसं, यांनी हा प्रकार करू नये. थायरॉईडची गोळी मात्र उपाशीपोटी पाण्यासोबतच घ्यायची असते, ती सकाळी उठल्यावर नेहमीसारखी घ्या.

दादा, तुमचा कमरेचा घेर १०१ आहे. भारतीय पुरुषांसाठी ९० च्या वर धोका धरतात, बायकांसाठी ८० च्या वर. सुरू करण्याआधी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), कोलेस्टेरॉल आणि बीपी एकदा बघून घ्या. गोळी चालू नाही याचा अर्थ साखर नाही असा होत नाही.

आणि पाणी. आपल्याकडे सूर्यास्तानंतर न जेवणारी जैन कुटुंबं आहेत, त्यांत चोविहारात पाणीही वर्ज्य, तिविहारात पाणी चालतं. धर्माचा नेम असेल तर तो ज्याचा त्याचा, पण वजनासाठी उपास धरणाऱ्याने पाणी कधीच तोडू नये. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे जातो, पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांना रात्रभर घाम येतो. सकाळी डोकं दुखलं, लघवी गडद पिवळी झाली, तर ती भूक नाही, पाण्याची कमतरता आहे.

---

नवीपेठ_दुकानदार

सगळ्यांचे आभार, डबा उद्यापासूनच बदलतो. रक्ततपासणी या आठवड्यात करतो. चहा आणि संकष्टीचं राहिलं. आणि दुकानातले दोघंतिघं म्हणतात सोळा तास केल्याशिवाय चरबी जळतच नाही. खरं आहे का?

---

मालदांडी

सोळा तासांत जादू नाही. चीनमध्ये ग्वांगझोऊ इथं १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभर अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या. एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं, दुसऱ्याला वेळेचं बंधन नाही. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६.३, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. वजन उतरतं ते एकूण खाणं कमी झाल्याने. वेळेची मर्यादा कुंपणासारखी आहे, ती रात्रीचा चिवडा आणि सकाळची बिस्किटं बाहेर ठेवते. तुमच्यासारख्या उशिरा जेवणाऱ्याने सोळा तास धरले तर दुपारी पावणेदोनपर्यंत उपाशी राहावं लागेल, मग डबा दुप्पट होईल आणि सहाची भूक होती तिथंच. बारा तास महिनाभर बसू द्या.

याहून जास्त फायदा हवा असेल तर तास वाढवू नका, जेवण अलीकडे ओढा. घरून दीड भाकरी आणि उसळीचा दुसरा डबा नेऊन साडेसातला दुकानातच खा, घरी साडेनऊला सगळ्यांसोबत बसून फक्त आमटी आणि कोशिंबीर. पंगत सुटत नाही आणि जड जेवण झोपेच्या साडेतीन तास आधी होतं. रात्री छातीत जळजळ होत असेल तर तीही बहुधा कमी होईल.

संकष्टीचा प्रश्न चंद्रोदयाचा कमी आणि साबुदाण्याचा जास्त आहे. एका प्लेटीत ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचा कूट, दोन चमचे तूप, बटाटा, मिळून साडेचारशेच्या घरात कॅलरी. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, जी असतात ती कुटाची. म्हणून तीन तासांत पुन्हा भूक. त्याऐवजी दुपारी भगर वाटीभर, पातळ दाण्याची आमटी, वाटीभर दही, आणि पाचला ग्लासभर दूध नि एक फळ. चंद्रोदय साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान असतो. नैवेद्याचा एक मोदक खा, जेवण रोजच्याच मापात घ्या, आणि संपल्यापासून बारा तास मोजा. साडेदहाला उठलात तर सकाळी साडेदहा. महिन्यातली एक रात्र इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते दिवसभर काही न खाता रात्री दुप्पट खाल्ल्याने.

वजन आठवड्याला अर्धा किलोपर्यंत उतरलं तर उत्तम. पहिल्या आठवड्यात एक-दीड किलो कमी दिसेल, ते बरंचसं पाणी असतं, त्यावर खूश होऊ नका, आणि एखाद्या खारट जेवणानंतर एक किलो वाढलेलं दिसलं तर घाबरू नका. सकाळी संडासला जाऊन आल्यावर रोज वजन करा आणि सात दिवसांची सरासरीच धरा. घेर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून. तीन-चार महिन्यांत ४ किलो उतरले तरी ते तुमच्या वजनाच्या जवळजवळ पाच टक्के होतात, साखर आणि बीपीवर तेवढ्यानेही फरक पडतो.

चहा: पावणेदहाच्या आत फक्त कोरा, साखर नाही, गूळही नाही. दहा ग्रॅम गुळात ३८ कॅलरी असतात, गूळ म्हणजे साखरच. कोरा चहा रिकाम्या पोटी सोसत नसेल तर गरम पाणी घ्या. बरोबर सातचा चहा एकदम तोडला तर दोन-तीन दिवस डोकं दुखू शकतं, म्हणून तो दर तीन दिवसांनी अर्धा तास पुढे ढकला, अर्ध्या चमच्याने साखर कमी करत. तीन आठवड्यांच्या आत तो पोह्यांच्या बशीशेजारी येऊन बसेल, दुधासकट.