व्हिडिओ ठरवून पाहायचे आहेत, नेमकं काय काय बंद करावं?

अर्धविराम
यूट्यूब पूर्ण सोडायचं नाहीये, शिकण्याचं बरंच साहित्य तिथेच आहे. अडचण ही की शोधलेला व्हिडिओ संपतो आणि पुढचे तीन-चार कुणी शोधलेलेच नसतात. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये ४५ मिनिटांचा टाइमर आहे, पण वेळ संपली की सेटिंग्जमध्ये जाऊन वाढवता येतो, त्यामुळे तो असून नसल्यासारखा. फोन अँड्रॉइड, लॅपटॉपवर फायरफॉक्स. निग्रहाचे सल्ले नकोत, सेटिंग्ज सांगा.

कळफलक
टाइमर फुकट जातो कारण तो वेळ मोजतो. कामाचं व्याख्यान आणि फालतू भटकंती त्याला सारखीच. व्याख्यान अर्ध्यावर थांबलं की माणूस मर्यादा वाढवतो, आणि एकदा हाताला ते वळण लागलं की पुढे भटकंतीसाठीही वाढवतो. आयफोनवरही 'इग्नोर लिमिट' आहेच.

त्यापेक्षा पुढचा व्हिडिओ कोण निवडतं, त्यावर घाव घाला. ही निवड होम पान, व्हिडिओशेजारची यादी, शेवटच्या काही सेकंदांत उगवणारे चौकोन, ऑटोप्ले, शॉर्ट्स आणि नोटिफिकेशन इतक्या ठिकाणी होते.

सगळ्यात मोठा फरक वॉच हिस्टरीने, म्हणजे पाहिलेल्या व्हिडिओंच्या नोंदीने पडतो. 'मॅनेज ऑल हिस्टरी'मध्ये जाऊन ती बंद करा आणि जुनी पुसा. नुसती बंद करून बरेच जण 'काही फरक नाही' म्हणतात, कारण मागचा इतिहास शिल्लक असेल तर त्यावरून शिफारशी चालूच राहतात. २०२३ च्या ऑगस्टपासून नियम असा आहे की हिस्टरी बंद आणि मागचाही फारसा इतिहास नसेल, तर होमवर व्हिडिओ दिसतच नाहीत, शोधायची चौकट राहते. सेटिंग खात्याची असल्यामुळे फोन, लॅपटॉप दोन्हीकडे लागू होते.

शेजारची यादी मात्र याने जात नाही. लॅपटॉपवर फायरफॉक्समध्ये 'अनहुक' हे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची छोटी सोय) घाला. होम, शेजारची यादी, शेवटचे चौकोन, शॉर्ट्स, कॉमेंट्स यांची वेगवेगळी बटणं आहेत. कॉमेंट्स राहू दिल्या तरी चालतील. दुरुस्तीच्या किंवा प्रोग्रामिंगच्या व्हिडिओंत चूक कुठे आहे ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.

फोनवर ॲप डिसेबल करा. यूट्यूब फोनसोबतच आलेलं असेल तर अनइन्स्टॉल होत नाही, डिसेबल होतं. मग आलेल्या लिंक ब्राउझरमध्ये उघडतात. ॲप तसंच ठेवलंत तर लिंकवर बोट टेकताच ते मध्ये घुसतं आणि बाकीची मेहनत वाया.

ओसरी
हिस्टरी बंद करण्याबद्दल थोडा मतभेद. दोन तासांचं व्याख्यान तुकड्यातुकड्यांनी पाहणाऱ्याला त्याचा जाच होतो, कारण 'जिथे सोडलं तिथून पुढे' ही सोय त्याच हिस्टरीवर चालते. एकतर थांबताना मिनिट लिहून ठेवा, नाहीतर 'शेअर' मध्ये सुरुवातीची वेळ टाकून मिळणारी लिंक साठवा. दुसरा मार्ग, त्याच खात्यात अभ्यासासाठी वेगळं चॅनल काढायचं. प्रत्येक चॅनलची हिस्टरी आणि सबस्क्रिप्शन स्वतंत्र असतात, तेव्हा अभ्यासाच्या चॅनलवर हिस्टरी चालू ठेवता येते. यातली मेख अशी की एक करमणुकीचा व्हिडिओ चुकून तिथे पाहिलात की होमवर त्याचे भाऊबंद हजर. तो एक व्हिडिओ हिस्टरीतून लगेच काढून टाकायचा.

ऑटोप्लेबद्दल एक गोष्ट राहिली. ते बटण बंद असलं तरी प्लेलिस्ट आपोआप पुढे सरकते. 'वॉच लेटर' हीसुद्धा प्लेलिस्टच आहे. त्यात साठवलेला व्हिडिओ तिथूनच लावला की तो संपल्यावर पुढचा सुरू, आणि लोकांना वाटतं ऑटोप्ले बिघडलं. तिथला व्हिडिओ शोधून सुटा लावा. 'प्लेबॅक इन फीड्स' पण ऑफ करा, नाहीतर यादीवरून बोट फिरवताना व्हिडिओ मुके सुरू होतात आणि डोळा अडकतो.

तळटीप
'नॉट इंटरेस्टेड' दाबत बसू नका. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०२२ मध्ये २२ हजारांहून जास्त लोकांच्या मदतीने ही बटणं तपासली. नको असलेल्या शिफारशी 'नॉट इंटरेस्टेड'ने जेमतेम ११ टक्के आणि डिसलाइकने १२ टक्के रोखल्या गेल्या. हिस्टरीतून काढल्यावर २९, 'डोन्ट रेकमेंड चॅनल'ने ४३. म्हणजे सगळ्यांत चांगलं बटणसुद्धा निम्म्याच्या आतच. ओसरी यांनी सांगितलेली साफसफाई कामाची आहे, पण तिच्या भरवशावर होम चालू ठेवणं मला पटत नाही.

अर्धविराम
हिस्टरी पुसली, होम रिकामं झालं. आता आवडीच्या चॅनलवर नवं काय आलं ते कसं कळणार? नोटिफिकेशन नको आहेत. आणि व्हिडिओ पाहून लक्षात काही राहत नाही त्याचं काय?

कळफलक
सबस्क्रिप्शन पान बुकमार्क करा आणि यूट्यूब नेहमी तिथूनच उघडा. तिथे क्रम मुख्यतः तारखेचा आहे. यादी दीडशे चॅनलांची असेल तर मात्र ते पानही होमसारखंच वागेल, म्हणून आधी छाटणी.

त्याहून शांत सोय आरएसएस: नव्या व्हिडिओंची नुसती यादी (फीड) 'रीडर' नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये येते. प्रत्येक चॅनलला असं फीड आहे. चॅनलच्या माहितीत 'शेअर चॅनल'मधून यूसी या अक्षरांनी सुरू होणारा आयडी मिळतो, तो फीडच्या पत्त्याला जोडायचा. बरेच रीडर चॅनलचा साधा पत्ता दिला तरी फीड स्वतः शोधतात. दोन मर्यादा: फीडमध्ये शेवटचे १५ व्हिडिओच असतात आणि शॉर्ट्सही त्यांतच मिसळून येतात. रोज चार-पाच टाकणारं चॅनल असेल तर आठवड्यातून एकदा उघडून भागणार नाही, मधले निसटतात.

ओसरी
लक्षात राहण्याबद्दल: आधी प्रश्न लिहा, मग शोधा. 'एक्सेल शिकणे' हा प्रश्न नव्हे. 'दोन याद्यांतली जुळणारी नावं कशी काढायची' हा प्रश्न आहे. उत्तर मिळालं की व्हिडिओ अर्धा उरला असला तरी बंद. व्हिडिओच्या वर्णनाखाली 'शो ट्रान्सक्रिप्ट' असतं. ते उघडून कंट्रोल-एफने शब्द शोधला तर वीस मिनिटांतली कामाची दोन मिनिटं सापडतात. उपशीर्षकं आपोआप तयार झालेली असतील तर पारिभाषिक शब्द वाकडेतिकडे लिहिलेले असतात, एक शब्द सापडला नाही तर जवळचा दुसरा टाका.

वेगाचं म्हणाल तर, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या २०२१ च्या प्रयोगात व्याख्यान दुप्पट वेगाने पाहूनही विद्यार्थ्यांचं आकलन फारसं घटलं नाही, अडीचपटीला घसरलं. पण ती बोलकी व्याख्यानं होती. हातांनी करायचं काम किंवा गणिताची सिद्धता असेल तर १ वरच ठेवा. लॅपटॉपवर के ने थांबतं, जे ने १० सेकंद मागे, एल ने १० पुढे. भाग संपला की के दाबा आणि न बघता दोन-तीन ओळी लिहा. हे आठवून लिहिणं कंटाळवाणं असतं खरं, पण तोच भाग पुन्हा पाहण्यापेक्षा ते जास्त टिकतं. पुन्हा पाहताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असा भास होतो.

अर्धविराम
हे सोयीचं वाटतंय. आणि टीव्ही?

तळटीप
टीव्हीच्या ॲपमध्ये अनहुक चालत नाही. हिस्टरीची सेटिंग खात्याची असल्यामुळे होम तिथेही रिकामं दिसेल, ऑटोप्ले मात्र टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतंत्रपणे तपासा. आणि साइन-इन झालंय ना ते बघा. घरातल्या कुणी पाहुणा म्हणून उघडलं असेल तर तुमच्या खात्यात केलेलं यातलं काहीच तिथे लागू होत नाही.