ट्रेलरमधील संगीतावरून चित्रपटाचा प्रकार प्रेक्षकाला कसा कळतो?

प्रश्न: माळरान (परभणी)

नमस्कार. आम्ही काही मित्रांनी मिळून पाऊण तासाचा एक चित्रपट पूर्ण केला आहे. दुष्काळात गावात येणारा पाण्याचा टँकर, घरोघरच्या पाळ्या आणि पाळ्यांची वही ज्याच्या ताब्यात आहे त्या माणसाच्या हाती हळूहळू एकवटत जाणारी सत्ता, असा त्याचा विषय आहे. आम्ही त्याला थरारपट म्हणतो. त्यात भूत नाही आणि खूनही नाही.

ट्रेलरसाठी आम्ही तीच दृश्ये, त्याच क्रमाने, दोन वेगवेगळ्या संगीतांवर लावून काही ओळखीच्या लोकांना दाखवली. एका आवृत्तीत सिंथेसायझरचा खर्जातला सलग स्वर होता. ती पाहणाऱ्या बहुतेकांनी हा भुताचा चित्रपट आहे का, असे विचारले. दुसरीत संबळ होते, कारण कथा आपल्या भागातली आहे. ती पाहणाऱ्यांना तुळजाभवानीवरचा भक्तिपट असावा असे वाटले. चित्रे तीच असताना कान एवढा निर्णय कशावरून घेतो, आणि आमच्या कथेला साजेसे संगीत निवडताना नेमका कोणता विचार करावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: कात्रीवाला (छत्रपती संभाजीनगर)

माळरान यांस, आपल्याला आलेला अनुभव अगदी स्वाभाविक आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९८० सालच्या 'द शायनिंग' या भयपटातील दृश्ये घेऊन २००५ मध्ये न्यूयॉर्कमधील एका संकलकाने एका स्पर्धेसाठी त्याचा खोटा ट्रेलर तयार केला होता. त्याने दृश्यांची जुळणी बदलली, त्यावर हसतमुख निवेदन चढवले आणि उत्तरार्धात पीटर गॅब्रिएल यांचे 'सॉल्सबरी हिल' हे प्रसन्न गाणे लावले. परिणामी तो चित्रपट बाप-लेकाच्या नात्यावरची गोड कौटुंबिक कथा भासतो. चेहऱ्यावरचा भाव पुष्कळदा संदिग्ध असतो आणि ट्रेलरमध्ये तो जेमतेम एक-दोन सेकंद दिसतो. त्यामुळे त्याचा अर्थ लावण्याचे काम कानाकडे जाते.

आता आपल्या खर्जाविषयी. सलग स्वर मुळात भीतिदायक नसतो. तसा असता तर तानपुऱ्याशेजारी कोणी बसले नसते. तानपुऱ्यात षड्ज आणि पंचम यांचा मेळ असतो आणि तो बदलत नाही, म्हणून मन स्थिरावते. भयपटातला घुमारा बहुधा अगदी लगतचे दोन स्वर, उदाहरणार्थ षड्ज आणि कोमल रिषभ, एकाच वेळी धरून केलेला असतो, आणि पुष्कळदा तो कणाकणाने वर सरकत राहतो. हे सरकणे कोठे थांबणार याचा अंदाज येत नाही, म्हणून ऐकणारा अस्वस्थ होतो. लगतच्या स्वरांचे सामर्थ्य पाहायचे असेल तर १९७५ सालचा 'जॉज' पाहावा. त्यात जॉन विल्यम्स यांनी अशा दोनच स्वरांची लय वाढवत नेऊन, शार्क पडद्यावर न आणता, तो जवळ येत असल्याचे सांगितले आहे.

यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. ठोका नसलेला घुमारा 'येथे काहीतरी आहे' असे सांगतो, तर ठरावीक अंतराने पडणारा ठोका 'वेळ संपत चालली आहे' असे सांगतो. पहिले विधान भुताच्या कथेचे आहे. पाळीची वाट पाहणाऱ्या गावाचे विधान दुसरे आहे. तेव्हा घुमारा काढावा आणि ठोका आणावा. तो वाद्याचाच असला पाहिजे असेही नाही. रिकाम्या हंड्यात पडणारी पाण्याची धार, टँकरच्या इंजिनाची धडधड, वहीवर आपटणारा शिक्का, यांतून लय बांधता येते, आणि ती पहिल्या दहा-पंधरा सेकंदांतच कानी पडली पाहिजे, कारण चित्रपटाचा प्रकार प्रेक्षक तेवढ्यात ठरवून मोकळा होतो. पुढची चढण आणि शेवटचा झपाटा या गोष्टी बहुतेक सर्व ट्रेलरांत सारख्याच असतात.

आणखी एक. ट्रेलरचे संगीत चित्रपटातलेच असले पाहिजे असा नियम नाही. ट्रेलर कापला जातो तेव्हा पार्श्वसंगीत पुष्कळदा तयारच झालेले नसते. 'इन्सेप्शन' (२०१०) या चित्रपटाचे संगीत हान्स झिमर यांचे, परंतु त्याच्या गाजलेल्या ट्रेलरमधील 'माइंड हाइस्ट' ही रचना झॅक हेम्सी यांची आहे.

प्रतिसाद: गोदाकाठ (नांदेड)

ठोक्याच्या बाबतीत कात्रीवाला यांच्याशी मी सहमत आहे. मात्र संबळ काढून टाकावे असा अर्थ त्यातून निघत असेल, तर तो मला मान्य नाही. आपल्याकडे लग्नानंतर गोंधळ घातला जातो, नवरात्रात आराधी मंडळी येतात, आणि संबळ, तुणतुणे व झांज हा मेळ आपण लहानपणापासून त्याच प्रसंगी ऐकत आलो आहोत. तो मेळ त्याच चालीत वाजला तर देवीच आठवणार. परंतु भक्तीची खूण एकट्या संबळात नाही. ती त्या मेळात आणि त्या चालीत आहे. तुणतुणे आणि झांज वगळा. संबळाच्या दोन भांड्यांपैकी भरीव आवाजाच्या भांड्यावरचे सुटे, एकमेकांपासून दूर असलेले आघात घ्या, आणि ओळखीचा ठेका सुरू होतो आहे असे वाटताच तो समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याआधी तोडा. पूर्ण होईल असे वाटलेली गोष्ट पूर्ण न झाल्याने जो ताण निर्माण होतो, तो आपल्या कथेच्या जातीचा आहे. शिवाय हा आवाज मराठवाड्याचा राहील. सिंथेसायझरचा घुमारा कोठलाही असू शकतो.

सध्याच्या ऐतिहासिक मराठी चित्रपटांचे ट्रेलर डोळे मिटून ऐकावेत: ढोल, तुतारी, पुरुषांचा समूहस्वर आणि मध्येच तलवारीचा खणखणाट. प्रकार तात्काळ कळतो हे खरे, पण चित्रपट कोणता ते कळत नाही. खूण ओळखीची असावी, परंतु एवढी घासलेली नसावी.

प्रसिद्धीचे संगीत आणि चित्रपट यांत अंतर असण्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे २०१४ मध्ये प्रदर्शित झालेला 'फँड्री'. अजय-अतुल यांचे त्याचे गाजलेले गाणे प्रसिद्धीसाठी केलेले होते. ते चित्रपटात नाही; चित्रपटाचे पार्श्वसंगीत आलोकनंदा दासगुप्ता यांचे आहे. गाणे ऐकून गेलेल्या प्रेक्षकाला कोवळ्या प्रेमाची अपेक्षा असते आणि शेवटी त्याच्याच दिशेने दगड येतो. माझ्या मते ही फसवणूक नव्हती, कारण ते कोवळे प्रेम चित्रपटात खरोखरच आहे. आपल्या चित्रपटात भूत मात्र नाही, म्हणून घुमारा लावणे ही फसवणूक ठरेल.

माळरान

दोघांचेही मनापासून आभार. इंजिनाची धडधड आणि तिच्यात अधूनमधून मिसळणारे संबळाचे सुटे आघात, अशी नवी जुळणी करून पाहतो. दोन शंका उरतात. आमचा ट्रेलर बहुतेक लोक मोबाइलवरच पाहणार. तेथे हे सर्व ऐकू येईल का? आणि गावातील गोंधळी मंडळींकडून वादन ध्वनिमुद्रित करून घ्यायचे असेल, तर हक्कांचे काय?

प्रतिसाद: ध्वनिमुद्रक (लातूर)

मोबाइलचा लहान स्पीकर साधारणतः दोनशे हर्ट्‌झच्या खालचे फारसे काही ऐकवत नाही, त्यामुळे स्टुडिओत छातीत धडकी भरवणारा खर्ज तेथे जवळजवळ नाहीसा होतो. इंजिनाच्या आवाजातील मधल्या पट्टीची खरखर थोडी वाढवावी, म्हणजे खर्ज प्रत्यक्ष नसला तरी कान तो भरून घेतो. भरीव भांड्यावरील आघातांत काठीची टक्‌ स्पष्ट राहील अशा जागी मायक्रोफोन ठेवावा. उंच आवाजाचे भांडे आणि हलगी यांना ही अडचण येत नाही. मिश्रण झाल्यावर ते मोबाइलवर, तेही चालू पंख्याखाली, ऐकून पाहावे.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाज चढा ठेवण्याचा मोह टाळावा. यूट्यूब फार मोठ्या आवाजातील ध्वनी आपोआप खाली आणते, त्यामुळे सर्वच मोठे असेल तर काहीच मोठे वाटत नाही. त्याऐवजी नावाची पाटी येण्यापूर्वी संगीत एकदम थांबवावे आणि दीड-दोन सेकंद केवळ उन्हातल्या माळाचा, वाऱ्याचा मूळ आवाज ठेवावा. पूर्ण निःशब्दता ठेवू नये; मोबाइलवर पाहणाऱ्याला आवाज बंद पडला असे वाटते आणि तो बटण दाबू लागतो.

हक्कांविषयी: परंपरागत चाल किंवा ठेका कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नसतो, परंतु प्रत्यक्ष सादरीकरणावर वादकाचा हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलावंताचा हा हक्क ५० वर्षे टिकतो. म्हणून वादन करणाऱ्या प्रत्येकाकडून लेखी संमती घ्यावी. तीत चित्रपट, ट्रेलर आणि समाजमाध्यमांवरील वापर यांचा वेगवेगळा उल्लेख असावा, मानधनाची रक्कम लिहिलेली असावी आणि श्रेयनामावलीत नावे कशी येतील तेही नमूद असावे. कागद मराठीतच करावा आणि सही घेण्यापूर्वी मंडळींना वाचून दाखवावा. जत्रेत किंवा लग्नात मोबाइलवर टिपलेले वादन मात्र ट्रेलरमध्ये वापरू नये. तेथे वाजवणाऱ्यांनी त्या वापराला संमती दिलेली नसते.