मांजर अचानक आंधळं झालंय, त्यात बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये – मदत हवी आहे

पोपटी_छत्री

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, घाईत टाइप करतेय त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमची चिंगी १४ वर्षांची, साधी देशी, पट्ट्यापट्ट्यांची. मागच्या महिन्यात एकदम भिंतीला अंग घासत चालायला लागली, सोफ्याच्या पायावर डोकं आपटलं, खाऊच्या वाटीपाशी येऊन वाटीच्या बाजूला तोंड घालायला लागली. आई म्हणाली वय झालं आता, तिला पण मोतीबिंदू झाला असेल माझ्यासारखा. पण डोळ्यात पांढरं काहीच नव्हतं. उलट भर दुपारी खिडकीत उन्हाकडे तोंड करून बसलेली आणि डोळ्यातल्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या, काळ्याभोर, पिवळा भाग नुसता कडेला दोऱ्याएवढा उरलेला. मोबाईलचा टॉर्च मारला तरी हलेनात.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लगेच बीपी मोजायला दुसरीकडे पाठवलं (मांजराला बीपी असतो हेच मला माहीत नव्हतं), तो निघाला २२० च्या वर. दोन्ही डोळ्यांचा पडदा मागून सुटलाय, क्रिएटिनिन २.६, म्हणजे किडनीचं दुखणं आहेच आणि त्यातूनच बीपी वाढला असावा असं म्हणाले. अ‍ॅम्लोडिपिन सुरू केलंय, माणसांचीच अडीच मिलिग्रॅमची गोळी, तिचा पाव तुकडा रोज. नजर परत येईल का विचारलं तर म्हणाले लवकर आलात, पडदा परत चिकटू शकतो, पण दिसेलच असं सांगता येत नाही.

इथवर ठीक आहे, म्हणजे ठीक नाहीये पण कळलंय तरी. खरा घोर पुढेच आहे. आमची मुलुंडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, दोन महिन्यांत घर रिकामं करायचंय. या घरात ती लहानाची मोठी झाली, त्यामुळे आंधळी असूनही आता हळूहळू फिरते, कपाटापाशी वळते, बाथरूमच्या उंबऱ्याला बरोबर पाय उचलते. भाड्याचं घर मिळालंय ते ११ व्या मजल्यावर, बाल्कनी उघडी, सगळ्या स्लायडिंग खिडक्या (आणि ते मिळेपर्यंत मांजर म्हटलं की फोन ठेवणारे किती घरमालक भेटले ते वेगळंच). तीन वर्षं तिथे राहायचं, मग परत नवीन फ्लॅट. आंधळं मांजर नवं घर शिकतं का हो? कसं शिकवायचं?

शिवाय गोळी. तो पाव तुकडा जिभेला लागला की तोंडाला फेस आणते आणि थुंकून टाकते. आणि आमचा दुसरा बोका गुंड्या, त्याला हिचा वास बदललाय का काय कोण जाणे, मागून येऊन टपली मारतो. बिचारी दचकून कुठेही उडी मारते.

आणि शेवटचं, आईचे ऑपरेशननंतरचे ड्रॉप्स फ्रीजमध्ये आहेत, ती रोज विचारते एक थेंब घालून बघू का. काय सांगू तिला?

---

तिरफळ

ताई, आधी ड्रॉप्सचं. अजिबात नको. तुमच्या चिंगीचा प्रॉब्लेम डोळ्याच्या मागच्या पडद्याला आहे, वरून थेंब घालून तिथे काही होणार नाही. आणि मोतीबिंदूनंतर देतात त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, मांजराच्या डोळ्यावर आधीच कुठे बारीक जखम असली तर ती चिघळून डोळा फुटेपर्यंत जाऊ शकते. ही भिंतीला आपटतेय म्हणजे ओरखडा असूच शकतो. डॉक्टर फ्लुरोसिनचा हिरवा रंग घालून ते बघतात, तसं न बघता कुठलाच ड्रॉप घालायचा नाही.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. टी-फोर (थायरॉइडची रक्ततपासणी) केलीये का? या वयात थायरॉइड वाढल्यामुळे पण बीपी चढतो, आणि मांजर भरपूर खाऊन बारीक होत असेल तर नक्कीच करा. दुसरं म्हणजे हल्ली कुठलं अँटिबायोटिक झालं होतं का? एन्रोफ्लोक्सासिनचा डोस जास्त झाला तर मांजराच्या पडद्याला इजा होते, काही मांजरं त्याने आंधळी झालीयेत. दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं. तुमच्याकडे २२० आहे म्हणजे कारण उघडच आहे, तरी पुढच्या वेळी कोणी ते लिहून दिलं तर लक्षात असू द्या.

---

पोपटी_छत्री

धन्यवाद तिरफळ. टी-फोर नॉर्मल आली. अँटिबायोटिक वर्षभरात काहीच नाही. आईला तुमची पोस्ट वाचून दाखवली, "डोळा फुटेल" ऐकल्यावर बाटली स्वतःच्या कपाटात नेऊन ठेवली.

---

मंदाकाकू६२

आमच्याकडे गावाला मांजराच्या डोळ्यात मध घालायचे, दोन दिवसात स्वच्छ. तसंही मी म्हणते एवढ्या म्हाताऱ्या मांजराला ११ व्या मजल्यावर कशाला नेताय, कोकणात कोणी नातेवाईक असतील तर सोडा तिकडे, मोकळ्यावर राहील.

---

बोक्याचा_बाबा

काकू, राग मानू नका, पण दिसत नसलेलं मांजर मोकळ्यावर सोडलं तर कुत्री, गाड्या आणि विहीर यांतलं जे आधी भेटेल ते. रोजची गोळी कोण देणार तेही आहेच. आणि मध घालून जे बरं व्हायचं ते पिल्लांचे चिकटलेले डोळे असायचे, ते बऱ्याचदा सर्दीचं असतं आणि कोमट पाण्याच्या कापसाने पुसलं तरी उघडतात. ही वेगळी गोष्ट आहे.

पोपटी_छत्री, आमचा बोका काचबिंदूने गेली काही वर्षं पूर्ण आंधळा आहे आणि आम्ही सदाशिव पेठेतून सिंहगड रोडला शिफ्ट झालो तेव्हा तो आंधळाच होता. शिकतात. आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर शिकतात, पण पूर्ण घर एकदम द्यायचं नाही. पहिले काही दिवस एकच खोली, दार बंद. त्यात लिटरचा (शी-शूचा) ट्रे, पाणी, खाणं, तिचं जुनं अंथरूण. आणि ते अंथरूण धुवू नका! शिफ्टिंगच्या उत्साहात बायकोने सगळं धुवून काढलं होतं, मी माझा एक घामट टी-शर्ट लपवून ठेवला होता तोच कामाला आला.

मुख्य युक्ती सांगतो. उचललं तरी खाली ठेवायचं ते एकाच जागी. आम्ही ट्रेच्या शेजारी ठेवायचो, रोज, प्रत्येक वेळी. मग तिथून पाणी कुठे, दार कुठे हे तो स्वतः मोजतो. मधेच हॉलमध्ये खाली ठेवलंत तर भरकटतात, ओरडत बसतात. ट्रेच्या पुढे एक खडबडीत पायपुसणं, पाण्यापुढे वेगळ्या कापडाचं. पायाखाली काय लागलं त्यावरून त्यांना जागा कळते. आमच्याकडे पाण्याचं ते छोटं कारंजं आहे, त्याचा आवाज सतत चालू असतो, तो रात्रीसुद्धा त्याच्या अंदाजाने येतो. तुमच्या आई रेडिओ लावत असतील तर तो एका ठिकाणी ठेवा आणि जागा बदलू नका.

एक खोली अंगवळणी पडली की दार उघडायचं आणि आपण मधे पडायचं नाही. तो भिंतीला लागून एक फेरी मारेल, मिशा पुढे काढून, पुढचा पाय हवेत धरून चाचपत. आपटेल एकदोनदा. जीव जातो आपला बघताना पण उचलू नका.

आणि हात लावायच्या आधी बोला. नेहमी.

---

जाळीदार_डोसा

बाबांना +१. मी फक्त बाल्कनीबद्दल लिहितो, कारण ११ वा मजला वाचून पोटात गोळा आला. आंधळी मांजरं उड्या मारायचं सोडत नाहीत. कठडा कुठे आहे ते आठवतं, त्यापलीकडे काय आहे ते माहीत नसतं. राहायला जायच्या *आधी* जाळी. हल्ली सगळे इनव्हिजिबल ग्रिल बसवतात, त्या स्टीलच्या तारांमधून बारीक मांजर अंग चोरून निघू शकतं, तेव्हा त्यावर भिस्त नको. कबुतरांची नायलॉनची जाळी चालते पण चारही बाजूंनी हुक जवळजवळ ठोकून घ्या, खालची कडा सगळ्यात महत्त्वाची, तिथेच कारागीर ढिलं सोडतात. स्लायडिंगच्या डासांच्या जाळीवर विसंबू नका, मांजर टेकलं की ती सरकते.

बाथरूममध्ये भरलेल्या बादलीवर झाकण. कमोडचं झाकण पण बंद. गॅस बंद केल्यावर गरम बर्नरवर पातेलं ठेवून द्यायचं, ओट्यावर चढायची सवय असेल तर.

---

शेवंती_भाटवडेकर

मी व्हेट नाही, पण दोन किडनीवाली मांजरं सांभाळलीयेत त्यामुळे गोळ्यांत पीएचडी झालीये :) तो पाव तुकडा रिकाम्या कॅप्सूलमध्ये घाला, सगळ्यात छोट्या साइजच्या जिलेटिन कॅप्सूल मिळतात. बाहेरून बोटाने किंचित तूप लावा, घशात सुळकन जाते. मग लगेच सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडं थोडं करून ४-५ मिली पाणी द्या, कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून बसते. उकडलेल्या माशाच्या गोळ्यातपण देता येते, पण आधी एक बिनगोळीचा घास, मग गोळीचा, मग परत बिनगोळीचा. ती फसली पाहिजे ना. आणि चारपाच गोळ्यांचे तुकडे एकदम करून ठेवू नका, चुरा होतो आणि पाव म्हणजे पाव राहत नाही. पिल कटर घ्या.

गोळी मनाने बंद करायची नाही, दिसायला लागलं तरी नाही. बीपी १६० च्या खाली राहायला हवा, तो परत चढला की पडदाच नाही, मेंदू, हृदय, किडनी सगळ्याला झळ. एकदोन आठवड्यांनी परत मोजायला नेलंत की पोचल्या पोचल्या मोजू देऊ नका, पाचदहा मिनिटं तिला नेता त्या पेटीतच शांत बसू द्या, टेबलवर ओढून काढलं की बीपी तसाच वाढतो. आमचे डॉक्टर पाचसहा रीडिंग घेतात, पहिलं सोडून देतात आणि बाकीच्यांची सरासरी काढतात.

गुंड्याच्या गळ्यात घुंगरू बांधा. ओढलं की सुटेल असा पट्टा हवा मात्र. चिंगीला तो येतोय हे कळलं की ती दचकणार नाही, आणि ती दचकली नाही की त्यालाही मजा येत नाही.

---

नवाच_आहे

धागा हायजॅक करतोय सॉरी. आमचं मांजर फक्त दूधपोळी आणि कधीतरी कुत्र्याचं पेडिग्री खातं, आंधळं वगैरे होणार नाही ना?

---

तिरफळ

@नवाच_आहे, होऊ शकतं. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, शरीरात पुरेसं बनत नाही, आणि ते मिळतं मांस-मासळीतून. पोळीत नाही, कुत्र्याच्या खाण्यात मांजराला पुरेल इतकं असेलच असं नाही. टॉरिन कमी पडलं की पडदा झिजतो हे १९७५ मध्येच दाखवलं गेलंय, हृदयही कमजोर होतं. झिजलेला पडदा परत येत नाही. तुमचं मांजर अजून बघतंय तर आजच मांजराचं खाणं आणा. घरी मासे-चिकन उकडून देत असाल तर ते पाणी टाकू नका, टॉरिन पाण्यात उतरतं.

---

पोपटी_छत्री

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. कॅप्सूल जमलं! तुपाचं तर फारच, आता तूप चाटायला म्हणून स्वतःच तोंड उघडते.

काल परत बीपी मोजला, १६८ आलाय, डॉक्टर म्हणाले अजून थोडा खाली यायला हवा म्हणून डोस जरा वाढवलाय. एका डोळ्याची बाहुली टॉर्च मारल्यावर किंचित बारीक होते. कापसाचा बोळा तिच्यापुढून खाली सोडून बघितला (आवाज होत नाही म्हणून कापूस), मान हलवली नाही. म्हणजे उजेड-अंधार कळत असेल कदाचित, जास्त नाही. बघू.

गुंड्याला घुंगरू बांधलं, पहिला दिवस तो स्वतःच्याच आवाजाला घाबरून माळ्यावर बसला होता.

एक राहिलं, सामान हलवायच्या दिवशी तिला आधी न्यायचं की शेवटी? आणि गुंड्याला बरोबर एकाच खोलीत ठेवलं तर तिला सोबत होईल का?

---

बोक्याचा_बाबा

शेवटी. हमालांची ये-जा चालू असताना दारं उघडी असतात. तिकडची खोली आधी लावून घ्या, मग तिला. तोवर इकडे बाथरूममध्ये पेटी, ट्रे आणि पाण्यासकट कोंडून ठेवा आणि बाहेर कागद चिकटवा की दार उघडू नये. पेटी आत्तापासूनच घरात उघडी टाकून ठेवा, त्यात खायला देत जा. गुंड्या वेगळ्या खोलीत, तिचा रस्ता पाठ झाला की मग त्याला सोडा.

---

जाळीदार_डोसा

आणि जाळीवाला चावी मिळाल्याच्या दिवशी बोलवा, सामानाच्या दिवशी नको. भाड्याचं घर आहे तेव्हा भोकं पाडायची परवानगी घरमालकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या, नाहीतर डिपॉझिटमधून कापतात.

---

पोपटी_छत्री

लेखी मागितलंय, ब्लू टिक आलीये, उत्तर नाही. आज संध्याकाळी फोन करते.