रहस्यकथा, विज्ञानकथा आणि ‘गंभीर’ कादंबरी : सगळ्यांना एकच फूटपट्टी का?

पानखूण :
‘रहस्यकथा एकदा वाचली की संपली. खुनी कळल्यावर उरतं काय?’ हे चांगल्या चांगल्या वाचकांकडून इतक्यांदा ऐकलंय की आज सविस्तर लिहायला बसले.

माझं म्हणणं असं, की प्रत्येक कथाप्रकार पहिल्या काही पानांतच वाचकाला एक शब्द देतो. रहस्यकथा म्हणते, उत्तर तुझ्या डोळ्यांसमोर असेल, तरी तुला दिसणार नाही. विज्ञानकथा म्हणते, एवढी एक गोष्ट मान, पुढचं सगळं तर्काने येईल. भयकथेचा शब्द वेगळा, प्रेमकथेचा वेगळा. तो पाळला का, हे आधी बघावं.

रहस्यकथा मी मुद्दाम दोनदा वाचते. दुसऱ्यांदा खुनी माहीत असतो, त्यामुळे लक्ष लेखकाच्या हाताकडे जातं. नेमका दुवा त्याने ठेवलाय कुठे? बऱ्याचदा तो एखाद्या लांबलचक वर्णनाच्या मधोमध असतो, नाहीतर भांडण पेटायच्या जरा आधी. आपण भांडणाकडे धावतो आणि दुवा मागे राहतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. गुप्तहेराने स्वतः गुन्हा करू नये, त्याला सापडलेला धागा वाचकालाही दाखवावा, आधी चाहूल न देता जुळे भाऊ आणू नयेत, वगैरे. मला त्यात वाचकाविषयीचा आदर दिसतो. इतक्या शिस्तीने रचलेल्या गोष्टीला ‘टाइमपास’ म्हणून बाजूला सारलेलं मला सहन होत नाही.

उंबरठा :
शिस्त मान्य. पण शिस्त बुद्धिबळाच्या डावातही असते. गोष्टीत मला माणूस हवा. रहस्यकथेत ज्याचा खून होतो त्याच्यासाठी कोणी रडत नाही. घरात प्रेत पडलेलं असतं आणि माणसं आपण रात्री नऊ वाजता कुठे होतो ते सांगत बसतात. दुःखाला जागा दिली तर कोडं सैल पडतं, म्हणून लेखक ती देत नाही. ही त्या प्रकाराचीच मर्यादा आहे.

दुसरं, ‘प्रकाराच्या शब्दावर मोजा’ म्हटलं की सुमार लेखनाला सवलत मिळते. भाषा सपाट, पात्रं पुठ्ठ्याची, तरी ‘भयकथा म्हणून छान आहे की!’ बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली आणि कितीतरी लोकांना वाचायला लावलं. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण गोडी लावणारं पुस्तक वेगळं आणि आयुष्यभर सोबत राहणारं वेगळं.

निळी शाई :
उंबरठा, सवलत ‘गंभीर’ या शिक्क्यालाही मिळतेच. तिथे कंटाळा आला तर दोष वाचकाचा!

१९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली. तिला पहिलं बक्षीस मिळालं. निकाल नावावर नाही, गोष्टीवर लागला. प्रकाराचं लेबलही असंच झाकून वाचलं पाहिजे.

आणि माणूस हवा असेल तर मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ घ्या, १८१८ सालची. आपणच घडवलेल्या जिवाला टाकून देणाऱ्या माणसाची गोष्ट आहे ती.

पानखूण :
निळी शाई, तुम्ही माझ्या बाजूने बोलताय, तरी इथे मला अडवावं लागेल. लेखकाचं नाव झाकावं, लेबल झाकू नये. रहस्यकथा आहे हे माहीत असल्यामुळेच मी उघड्या खिडकीवर संशय घेते. ते माहीत नसेल तर खिडकी नुसती खिडकी राहील आणि अर्धी गंमत जाईल.

उंबरठा :
शेलीचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ती कादंबरी भीतीमुळे टिकली नाही, त्या जिवाच्या एकटेपणामुळे टिकली. म्हणजे शेवटी माप माणसाचंच लागलं.

पानखूण :
पण तो एकटेपणा आपल्यापर्यंत येतो कुठल्या वाटेने? आधी आपणही इतरांसारखेच त्याला घाबरतो. मग तो स्वतः बोलू लागतो, आणि आपल्या घाबरण्याची आपल्याला लाज वाटते. त्याच्या एकटेपणाबद्दल दुसऱ्या कुठल्या कादंबरीत हळहळ वाटली असती. ही लाज मात्र आधी घाबरल्याशिवाय आली नसती.

तुमच्या एका मुद्द्याने मात्र मला दोन दिवस सोडलेलं नाही. वर्षभरात वाचलेल्या रहस्यकथा आठवून पाहिल्या. खुन्यांची नावं भराभर आठवली. ज्यांचे खून झाले त्यांच्यातलं एकही नाव आठवेना. याला माझ्याकडे उत्तर नाही.